एपिक्यूरसची मासिक पंगत

थोर पुरुषाच्या मागें त्याचें स्मारक कशा रीतीनें करावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढें उभा राहतो. कोणी पुतळा उभारतात, कोणी ग्रंथ छापवितात, कोणी वर्षांतून एकदां सभा भरवून भाषणें करवितात. परंतु ज्याची शिकवणच मुळीं अशी कीं, माणसानें स्नेह्यांच्या संगतींत बसावें, साधें अन्न वांटून खावें, मनमोकळें बोलावें आणि या सहवासांतच जीविताचें सुख ओळखावें, त्याचें स्मारक पुतळ्यानें कसें व्हावें? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस याच्यापुढें हा प्रश्न त्याच्या हयातींतच उभा राहिला. त्यानें त्याचें जें उत्तर दिलें, तें मोठें मनोवेधक आहे. त्यानें पंगतीची व्यवस्था लावून दिली. दर महिन्याच्या विसाव्या दिवशीं मित्रांनीं एकत्र जमावें, एवढाच तो नियम. या एवढ्याशा नियमानें काय साधलें आणि काय साधलें नाहीं, याचा विचार आज करावयाचा आहे.

एपिक्यूरसचा जन्म इ. स. पू. ३४१ मध्यें सामोस बेटावर झाला. आईबाप अथेन्सचे नागरिक. बाप निओक्लीस हा शाळामास्तर. मितिलिनी व लॅम्प्सॅकस या दोन गांवीं एपिक्यूरसनें प्रथम शिकवावयास प्रारंभ केला, आणि तेथें जे मित्र त्याला लाभले ते जन्मभर त्याचे झाले. इ. स. पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला येऊन राहिला व ऐंशी मिना मोजून त्यानें एक बाग विकत घेतली. ही बाग वेशीबाहेर होती. तिच्यावरूनच त्याच्या संप्रदायाला 'उद्यान' हें नांव पडलें.

त्याच्या नांवाभोंवतीं गैरसमजांचें जाळें फार दाट आहे. युरोपांतील भाषांत त्याच्या नांवावरून खाण्यापिण्याच्या षोकी माणसाला लावावयाचा शब्दच तयार झाला. आपल्याकडे चार्वाकाच्या वाट्यास जी अपकीर्ति आली, तीच तिकडे याच्या वाट्यास आली. सुख हेंच जीविताचें साध्य, असें तो उघडपणें म्हणे, हें खरें. पण सुख म्हणजे देहाला पीडा नसणें आणि मनाला तळमळ नसणें, ही त्यानें केलेली व्याख्या निंदकांनीं सोयीस्करपणें बाजूला सारली. या निंदेचा उगम घरांतच झाला होता. मेट्रोडोरस हा एपिक्यूरसचा जिवलग शिष्य. त्याचा भाऊ टिमोक्रेटीस हा संप्रदाय सोडून गेला. गुरु दिवसांतून दोनदां ओकेपर्यंत खातो, एका दिवसाच्या जेवणावर एक मिना उधळतो, आणि त्या रात्रीच्या बैठकींतून आपण कसेबसे सुटलों, असें तो लोकांस सांगत सुटला.

खरी स्थिति काय होती? उद्यानांत येणाऱ्या पाहुण्यापुढें जवाची पेज आणि पाणी ठेवीत, असें सेनेका लिहितो. आणि सेनेका हा तर विरोधी संप्रदायाचा. एपिक्यूरसनें एका मित्राला पत्र लिहून चीजची लहानशी बुधली मागविली होती; तेवढी हातीं आली म्हणजे मनांत येईल तेव्हां मेजवानी करतां येईल, असें त्यानें त्यांत म्हटलें होतें. आपण काय खातों याच्या आधीं कोणाबरोबर खातों तें पहावें. मित्रावांचून एकट्यानें पोट भरणें हें सिंहाचें किंवा लांडग्याचें जिणें होय, असा त्याचा अभिप्राय सेनेकानेंच नमूद केला आहे. त्या उद्यानांतील सगळ्या जीवनक्रमाचें सार या एका अभिप्रायांत आलें आहे.

हा विचार त्या काळींच कां रुजला, हेंहि पाहिलें पाहिजे. शिकंदर बादशहा इ. स. पू. ३२३ मध्यें मरण पावला आणि त्याचे सरदार आपसांत लढूं लागले. अथेन्स नगर कधीं एकाच्या, तर कधीं दुसऱ्याच्या हातीं जाऊं लागलें. ज्या लोकसभेंत बसून नागरिक आपलें भवितव्य ठरवीत, ती नांवाला उरली. माणसाला माणसाशीं जोडणारा जुना धागा असा तुटला असतां, एपिक्यूरसनें मैत्रीचा नवा धागा पुढें केला. शहाणपणापासून जीं जीं सुखाचीं साधनें मिळतात त्यांत मैत्री हें सर्वांत मोठें, असें तो म्हणे. याची कसोटीहि लवकरच लागली. इ. स. पू. २९५-२९४ मध्यें डिमिट्रियसनें अथेन्सला वेढा घातला. शहरांत अन्नान्न दशा झाली. छपरांतून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठीं बापलेक झगडल्याची गोष्ट प्लुटार्कनें सांगितली आहे. त्याच वेढ्यांत एपिक्यूरस आपल्या मंडळींना घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे मोजून सारखे वांटून देत असे, असें तोच लिहितो. प्लुटार्कनें या संप्रदायावर जन्मभर टीका केली, म्हणून त्याच्या या साक्षीचें मोल अधिक.

या पंक्तीला कोण बसत? ग्रीकांच्या नेहमींच्या पानगोष्ठींत घरंदाज पुरुषच बसत. स्त्रिया आल्याच तर बांसरी वाजविण्यासाठीं किंवा मनोरंजनासाठीं आणलेल्या असत. उद्यानांत हा निर्बंध नव्हता. लिओन्टियस व त्याची पत्नी थेमिस्टा हीं दोघेंहि शिष्यवर्गांत होतीं. लिओन्टियन ही गणिका होती. तिनें थिओफ्रॅस्टससारख्या मोठ्या पंडिताविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि तिची भाषा डौलदार होती असें सिसेरोला, तिचा राग येऊनहि, कबूल करावें लागलें. मीस नांवाचा गुलाम धन्याबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असे. कोणाच्या शेजारीं कोणी जेवावयास बसावें, या प्रश्नाचें गांभीर्य मराठी श्रोत्यांना समजावून सांगावयास नको. तथापि येथें अतिशयोक्ति करूं नये. मीस व त्याच्या बरोबरीचे आणखी तीन दास यांना स्वातंत्र्य मिळालें तें एपिक्यूरसच्या मृत्युपत्रानें. म्हणजे तो जिवंत असेपर्यंत ते दासच होते. गुलामगिरी नाहींशी करावी असा विचार या पंक्तींतून निघाला नाहीं. माणूस म्हणून शेजारीं बसण्याची सोय मात्र तिनें केली, आणि त्या युगांत तीहि दुर्मिळ होती.

आणखी एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. पायथागोरसच्या अनुयायांप्रमाणें सर्वांची मालमत्ता एकत्र करावी, अशी सूचना एपिक्यूरसला मान्य नव्हती. त्याचें म्हणणें असें कीं, मालमत्ता सक्तीनें एकत्र करणें हें परस्परांवरील अविश्वासाचें लक्षण होय, आणि जेथें अविश्वास आला तेथें मैत्री कसली? प्रत्येकानें आपलें आपल्याजवळ ठेवावें आणि मित्राला गरज पडतांच पुढें करावें. देणें हें मनापासून असलें पाहिजे, हीच पंगतीचीहि अट होती.

आतां त्या विसाव्या दिवसाकडे वळूं. एपिक्यूरस इ. स. पू. २७१-२७० मध्यें, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं मूतखड्याच्या विकारानें वारला. त्याचें मृत्युपत्र डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकारानें आपल्या ग्रंथांत उतरून ठेवलें आहे. तत्त्वज्ञाचें मृत्युपत्र म्हटलें म्हणजे उदात्त वचनें असतील असें वाटतें. पण हा कागद एखाद्या व्यवहारी गृहस्थानें केलेला वाटतो. उद्यानाचा कारभार हर्मार्कसकडे जावयाचा होता. परंतु हर्मार्कस हा मितिलिनीचा, म्हणजे अथेन्समध्यें परका; त्याला तेथील जमिनीचा मालक होतां येईना. म्हणून अमिनोमॅकस व टिमोक्रेटीस या दोन अथेनियन नागरिकांना वारस केलें, आणि बाग हर्मार्कस व त्याच्या सोबत्यांच्या उपयोगासाठीं अखंड ठेवावी, असें त्यांच्यावर बंधन घातलें. हा टिमोक्रेटीस पूर्वीं सांगितलेला निंदक नव्हे. नांव तेवढें एक.

या मिळकतीच्या उत्पन्नांतून काय काय करावयाचें, याची याद त्यांत आहे. आईबाप व भाऊ यांच्या नांवानें तर्पणें द्यावींत. पौष-माघाच्या सुमारास येणाऱ्या गामेलिऑन महिन्याच्या दहाव्या दिवशीं एपिक्यूरसचा जन्मदिवस नेहमींप्रमाणें साजरा करावा. दर महिन्याच्या विसाव्या दिवशीं मेट्रोडोरस व आपण स्वतः या दोघांच्या स्मरणार्थ मंडळींची बैठक भरवावी. भावांचा आणि पॉलिएनस या दिवंगत मित्राचा, असे वर्षांतून आणखी दोन दिवस पाळावे. मेट्रोडोरसच्या मुलाचा सांभाळ करावा आणि मुलीचें लग्न करून द्यावें. ग्रीकांचे महिने चांद्र असल्यामुळें विसावा दिवस आपल्या हिशेबानें वद्य पंचमीच्या आगेंमागें येई.

या तरतुदींत दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी कीं, ही बैठक मृत्यूनंतर नव्यानें सुरू करावयाची नव्हती. ती चालत आलेल्या रीतीप्रमाणें पुढें चालवावयाची होती. दुसरी गोष्ट अशी कीं, गुरूनें स्मरणदिनाला एकट्याचें नांव दिलें नाहीं. मेट्रोडोरस त्याच्या आधीं सात वर्षें वारला होता. भेट झाल्यापासून, सहा महिने आपल्या गांवीं राहून आला तेवढा काळ सोडला, तर तो गुरूला सोडून कधीं राहिला नव्हता. त्या मित्राचें नांव आपल्या नांवाला जोडून एपिक्यूरसनें स्मारक केलें तें मैत्रीचें केलें.

मासिक भोजनें इतर संप्रदायांतहि होत. पण त्यांचें काय झालें तें पहा. ॲरिस्टॉटलच्या विद्यापीठाचें आधिपत्य पुढें लायको याच्याकडे आलें. त्याच्या वेळीं महिन्याचें भोजन इतकें थाटाचें होऊं लागलें कीं, वर्गणी म्हणून घेतलेल्या नऊ ओबोलांत तें भागेना. या खर्चाच्या धाकानें गरीब विद्यार्थी तेथें जाण्याचें टाळूं लागले, असें तत्कालीन चरित्रकार अँटिगोनस याच्या आधारें अथेनिअस सांगतो. खर्च वाढला कीं पंगतीचें दार अरुंद होतें. उद्यानाचें साधें अन्न हें नुसतें वैराग्याचें चिन्ह नव्हतें; दार उघडें ठेवण्याचा तो उपाय होता.

लोकांनीं या मंडळींना थट्टेनें नांव ठेवलें. विसाव्या दिवसाला ग्रीक भाषेंत 'एइकास' म्हणत, त्यावरून यांना म्हणूं लागले 'विसावीवाले'. थट्टेपेक्षां अवघड आक्षेप मात्र सिसेरोनें घेतला. इ. स. पू. ४५ मध्यें लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत तो विचारतो कीं, मरणानंतर जाणीवच उरत नाहीं, म्हणून मरणाचा आपणांशीं कांहीं संबंध नाहीं, असें ज्यानें जन्मभर शिकविलें, त्यानें आपल्या मागें वाढदिवस नि मासिक मेजवान्या करण्यासाठीं पैसे ठेवावे, हें कसें? हा विसंवाद नव्हे काय?

या आक्षेपाला टाळून जाणें बरोबर नाहीं, कारण याच्या उत्तरावरच या सर्व व्यवस्थेचा अर्थ अवलंबून आहे. ज्याला जाणीव नाहीं त्याला मेजवानीचा कांहींएक उपयोग नाहीं, हें एपिक्यूरसला सिसेरोइतकेंच ठाऊक होतें. म्हणूनच ती मेजवानी मृतांसाठीं नव्हे, ती जिवंतांसाठीं होती, असेंच मानलें पाहिजे. मरणाच्या दिवशीं त्यानें आयडोमेनियस या मित्राला पत्र लिहिलें. वेदनांनीं परिसीमा गांठली आहे, पण आपण पूर्वीं एकत्र बसून केलेल्या संवादांची आठवण त्या सगळ्यांशीं तोल सांभाळून उभी आहे, असा त्याचा भावार्थ आहे. आणि शेवटीं विनंति एकच कीं, मेट्रोडोरसच्या मुलांना जपा. ज्याला मरणशय्येवर संवादाच्या आठवणीनें धीर दिला, त्यानें मागें राहणाऱ्यांसाठीं तशाच आठवणी महिन्याकांठीं निर्माण व्हाव्या अशी तजवीज करून ठेवावी, यांत विसंवाद कोठें आहे? आपल्या शिकवणीचें मनन एकट्यानें करावें, तसेंच समशील मित्राबरोबरहि करावें, असें त्यानें एका पत्रांत लिहिलें होतें. त्या दुसऱ्या अर्ध्या उपदेशाला दिवस, जागा आणि खर्च नेमून देणारी ही व्यवस्था होय.

रोमन लोकांत ही चाल गेली तेव्हां तिच्यांत थोडा बदल झालाच. गदाराचा फिलोडीमस हा या पंथाचा पंडित इटलींत आला व तेथें लुशियस कॅल्पर्नियस पिसो या बड्या सरदाराचा त्याला आश्रय मिळाला. हा पिसो इ. स. पू. ५८ चा कॉन्सल आणि ज्युलियस सीझरचा सासरा. फिलोडीमसनें त्याला पाठविलेलें काव्यमय आमंत्रण शिल्लक आहे. उद्यां तिसऱ्या प्रहरीं माझ्या साध्या झोंपडींत विसावीच्या भोजनास यावें. पक्वान्नें नि उंची मद्य मिळणार नाहीं, पण खरे मित्र भेटतील आणि गोड बोलणें कानीं पडेल, असें तो लिहितो. आणि शेवटीं हळूच सुचवितो कीं, आपली कृपादृष्टि झाली तर आमची विसावी अधिक संपन्न होईल. यांत विनोद आहे, स्नेहहि आहे. पण आश्रिताचें आर्जवहि आहे. ज्या पंक्तींत सर्व समान, तिच्यांत यजमानापेक्षां पाहुणा थोर झाला म्हणजे पंक्तीचा तोल बिघडतो. फिलोडीमसला ही अडचण कळत होती, म्हणूनच त्यानें ती हंसण्यावारी नेली असावी.

दुसरा धोका पूजेचा. एपिक्यूरसची मुद्रा अंगठ्यांवर नि पेल्यांवर कोरलेली असते, असें सिसेरोच्या संवादांत येतें, आणि इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला प्लिनी लिहितो कीं, हे लोक गुरूची तसबीर शेजघरांत ठेवतात, बरोबर बाळगतात आणि दर महिन्याला विसावी पाळतात. म्हणजे साडेतीनशें वर्षें ही पंगत उठली नव्हती, हें त्यावरून सिद्ध होतें. पण देवांची भीति घालविणाऱ्याचाच देव होऊं लागला होता, हेंहि सिद्ध होतें. एपिक्यूरसच्या हयातींत कोलोटीस नांवाच्या शिष्यानें व्याख्यान ऐकतां ऐकतां गुरूचे गुडघे धरले. तेव्हां गुरूनेंहि त्याला तसेंच वंदन करून फेड केली, असें प्लुटार्क सांगतो. शिष्याला नमस्कार परत करणारा हा गुरु तसबिरींतून मात्र कोणाला नमस्कार परत करूं शकत नव्हता.

अथेन्समध्यें मूळ जागेचें काय झालें? इ. स. पू. ५१ मध्यें एपिक्यूरसच्या घराचे अवशेष गायस मेमियस या रोमन गृहस्थाच्या हातीं होते व तेथें त्याला इमारत बांधावयाची होती. ती बांधूं नये म्हणून पंथाचा मुख्य पॅट्रो धांवाधांव करीत होता, आणि त्याच्यासाठीं मेमियसला शब्द टाकणारें पत्र लिहिलें तें सिसेरोनें. ल्युक्रेशियसनें एपिक्यूरसच्या विचारांवरचें आपलें महाकाव्य अर्पण केलें होतें तें याच मेमियसला. पुढें इ. स. १२१ मध्यें ट्रेजनची विधवा प्लोटिना हिनें बादशहा हेड्रियनकडे रदबदली करून, रोमचा नागरिक नसलेल्यासहि उद्यानाचा मुख्य होतां यावें, अशी परवानगी मिळविली. हर्मार्कसच्या वेळचाच परकेपणाचा प्रश्न चारशें वर्षांनीं दुसऱ्या रूपानें उभा राहिला होता. इ. स. १७६ मध्यें मार्कस ऑरेलियसनें अथेन्समध्यें जीं तत्त्वज्ञानाचीं अध्यासनें स्थापिलीं, त्यांत या पंथालाहि स्थान होतें.

याच दुसऱ्या शतकांत आशिया मायनरच्या डोंगराळ भागांत, ओइनोआंडा गांवीं, डायोजिनीस नांवाच्या एका वृद्ध गृहस्थानें एपिक्यूरसची शिकवण दगडी भिंतीवर कोरविली. आजच्या नि उद्यांच्या लोकांसाठीं, गांवच्यांसाठीं आणि परक्यांसाठींहि हें औषध उघड्यावर ठेवीत आहे, असा त्यानें हेतु सांगितला आहे. इ. स. १८८४ मध्यें फ्रेंच संशोधकांना या लेखाचे पहिले तुकडे सांपडले. मूळ लेख सुमारें पंचवीस हजार शब्दांचा असावा, असा पंडितांचा अंदाज आहे.

चौथ्या शतकांत मात्र पंगत उठली. इ. स. ३६२ च्या सुमारास बादशहा ज्युलियन या पंथाचीं बहुतेक पुस्तकें नाहींशीं झालीं म्हणून देवांचे आभार मानतांना दिसतो. बैठका बंद पडल्या तेव्हां पुस्तकांची नक्कल करावयास कोणी उरलें नाहीं. एपिक्यूरसनें सुमारें तीनशें ग्रंथ लिहिले असें सांगतात. त्यांपैकीं आज हातीं आहेत तीं तीन पत्रें, कांहीं वचनसंग्रह आणि तुकडे. ग्रंथांनीं पंगत राखली असें आपण समजतों; येथें पंगतीनें ग्रंथ राखले होते, असें म्हणण्यास जागा आहे.

उरलेलें थोडें जमिनीखालीं राहिलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत हर्क्युलेनियम गांव गाडलें गेलें. तेथील एका भव्य वाड्यांत, जो पिसोच्या घराण्याचा असावा असें बरेच विद्वान् मानतात, इ. स. १७५२ पासून पपायरसच्या शेंकडों जळक्या गुंडाळ्या निघाल्या. त्यांत बराच भाग फिलोडीमसच्या ग्रंथांचा आहे. त्यांतील एका तुकड्यांत विसावीचाच उल्लेख येतो: घरच्या मंडळींबरोबर बाहेरच्यांपैकीं जे सद्भाव बाळगतात त्यांनाहि बोलवावें, असा त्याचा आशय आहे. इ. स. २०२३ मध्यें न उलगडलेल्या एका गुंडाळीच्या क्ष-किरणचित्रांवरून, संगणकाच्या साहाय्यानें, तिच्यांतील मजकूर वाचण्यास तरुण संशोधकांनीं आरंभ केला. बाहेर आलेल्या ओळींत विषय कोणता निघावा? दुर्मिळ पदार्थ विपुल पदार्थांपेक्षां खरोखरच अधिक सुख देतात काय, हा. पेजेच्या आणि पक्वान्नाच्या त्या जुन्या वादाचा धागा दोन हजार वर्षांनीं पुन्हां हातीं लागला. ग्रीसमध्यें एकविसाव्या शतकांत 'उद्यान' हेंच नांव घेऊन अभ्यासकांचीं मंडळें निघालीं आहेत, आणि इतर देशांतहि कांहीं मंडळींनीं विसाव्या दिवशीं जमण्याचा परिपाठ पुन्हां सुरू केला आहे.

या इतिहासाचें तात्पर्य काढावयाचें तर तें फार मोठ्या शब्दांत काढूं नये. एखाद्या विचारवंताचा गौरव करण्यासाठीं गांवोगांवीं जी मंडळी जमतात, त्यांना एपिक्यूरसच्या मृत्युपत्रांत एक साधा नमुना सांपडेल. दिवस ठरलेला असावा, म्हणजे बोलावण्याची वाट पहावी लागत नाहीं. खर्च थोडा असावा, म्हणजे गरीब मागें राहत नाहीं. व्यवस्था कोणाकडे तें आधींच लिहून ठेवावें, म्हणजे पुढें तंटा होत नाहीं. गुरूच्या नांवाबरोबर मित्राचें नांव घ्यावें, म्हणजे पूजेचा मोह आवरतो. अनाथ झालेल्या मुलांची सोय त्याच कागदांत असावी, म्हणजे स्नेह हा नुसता भाषणाचा विषय राहत नाहीं. आणि एवढें झाल्यावर, पानावर काय वाढलें आहे याची चिंता सोडून, शेजारीं कोण बसलें आहे इकडे लक्ष द्यावें.